पूर्वी शेण कुठं साठवत होता?

थांबा, हे आत्ताच सांगायचंय. संध्याकाळी घरी जाऊन नीट लिहू, असं म्हटलं तर राग थंड होईल, आणि मला तो थंड करायचा नाहीये. मुरुडच्या एसटी स्टँडवर बसलेय, अलिबागची गाडी अजून लागलेली नाही, फोनची बॅटरी निम्मी आहे. टायपिंगच्या चुका दिसल्या तर समजून घ्या.

काशीद आणि मुरुडच्या मध्ये एक गाव आहे, तिथं मी अडीच वर्षं काम केलं. आज सकाळी सहज भेटायला म्हणून गेले, तर फाट्यावर नवाकोरा निळा बोर्ड. 'मिथेनमुक्त गाव'. खाली हिरवं पान, त्याच्या खाली हसणारी गाय. गाय पण परदेशातली, काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांची! आमच्याकडे तशी एक तरी दाखवा.

मिथेनमुक्त! अहो, गावात गुरं आहेत. गुरं रवंथ करतात आणि ढेकर देतात, त्या ढेकरातून मिथेन निघतो. तोच तो वायू, ज्याच्यामुळे हवा तापते. भाताच्या खाचरांत पावसाळाभर पाणी असतं, तिथून पण निघतो. खाडीच्या चिखलातून पण निघतो. म्हणजे गाव मुक्त करायचं तर आधी म्हशी विका, मग भात बंद करा, मग खाडी बुजवा! आणि बोर्डाच्या सावलीत एक म्हैस उभी, निवांत रवंथ करत. मला हसू आलं आणि मग एवढा संताप आला की काय सांगू. कारण हा बोर्ड कोणाला घालवून तिथं उभा राहिलाय ते मला माहितीये.

डॉक्टरकाकांना.

ते डॉक्टर नव्हतेच. गुरांच्या सरकारी दवाखान्यात पर्यवेक्षक म्हणून आयुष्य काढून रिटायर झालेले, तळा तालुक्यातले. पण गावोगाव सगळे डॉक्टरच म्हणायचे आणि ते दर वेळी तेवढ्याच जोरात भडकायचे. "डॉक्टर न्हाय मी! डॉक्टर अलिबागला असतो, पंख्याखाली!" उंच, काटकुळे, आणि शर्टाची उजवी बाही कायम खांद्यापर्यंत दुमडलेली. डावीला मात्र मनगटाशी बटण. आयुष्यभर गाभण गुरं तपासून ती बाही तशीच राहिली होती. एका लग्नात मी त्यांना कोट घातलेला बघितलाय. कोटाची पण उजवी बाही वर!

माणसांशी बोलायचे ते अरे-तुरे. सरपंच असो, मुंबईचे साहेब असोत. म्हशींशी मात्र अहो-जाहो. "काय बाईसाहेब, जेवलात काय? जरा सरका. तुमच्या पोटाला हात लावतो, रागावू नका." मग डाव्या कुशीतल्या खळग्यात मूठ दाबून डोळे मिटायचे. पोट आतून वळतं, ते मुठीला कळतं. दोन मिनिटांत तीनदा वळलं तर ठीक. मी बाजूला टॅब घेऊन उभी, मला पुढच्या गोठ्यावर जायची घाई, आणि हे समाधी लागल्यासारखे. एकदा मी विचारलं, "काका, किती वेळ?" तर डोळे न उघडता म्हणाले, "तुझं पोट कोणी घाईघाईत तपासलं तर चालंल काय तुला?"

आमचा प्रकल्प म्हणजे गुरांपासून होणारा मिथेन कमी करायचा. एका खाजगी संस्थेचा. मी टॅबवर माहिती भरायला, ते गुरांचं बघायला. रिटायर झाल्यावर ते आठ महिने घरी बसले होते. त्याबद्दल एकदाच बोलले, मोटरसायकलवर माझ्या मागे बसून (हो, गाडी मीच चालवायचे, ते मागे बसून शेतातल्या गुरांना हात करायचे). म्हणाले, "आठ महिने मी भिंतीकडं बघत व्हतो गो. भिंत काय रवंथ करत न्हाय. हे काम सुटलं तर मी संपलो बघ." करार वर्षावर्षाचा होता. मार्च आला की ते आठवडाभर कोणाशी नीट बोलायचे नाहीत, कागद हातात येईपर्यंत.

कोणाच्याही घरी गेले की आधी गोठ्यातली बादली बघायचे. रिकामी असली की चहा नाही. "आधी तिला पाणी, मंग मला चहा." बाई लाजून बादली भरायची, म्हैस बादली संपवायची, मग हे ओटीवर बसायचे. आणि खिशातून चहाची गाळणी काढायचे. चहासाठी नाही! शेणासाठी. मूठभर शेण गाळणीत घेऊन पाण्याखाली धुवायचे आणि उरलेला चोथा बोटांनी चिवडायचे. पेंढ्याचे लांब तुकडे दिसले की ओरडायचे, "हे बघ! खाल्लं आणि तसंच टाकलं. अर्धं शेणात गेलं, अर्धं ढेकरात. दुधात काय जाणार, तुझं नशीब?" मग पेंढा बारीक कापून, भिजवून, थोडी पेंड आणि मीठ-खनिजं घालून कसा द्यायचा ते करून दाखवायचे. त्यांचं सगळं शास्त्र एवढंच होतं की ढेकर म्हणजे वाया गेलेला चारा. म्हशीला पचेल असं घाला, ती कमी ढेकर देईल, जास्त दूध देईल, आणि हवेचं भलं आपोआप होईल. बायकांना हवेशी देणंघेणं नव्हतं, दुधाशी होतं. बरोबरच आहे ना!

गावातली पोरं चिडवायची. "डॉक्टर, म्हशीच्या पादण्यानं जग बुडणार म्हणं!" रोज कोणीतरी. आणि रोज हे उभे राहून समजावायचे, "पादण्यानं न्हाय रे, ढेकरानं! तोंडाकडून! तुमच्याकडं सगळं खालूनच येतं म्हणून तुम्हांला तसं वाटतं." पोरं लोळायची हसून. पण एक सांगते, त्या गावात सातवीतलं पोर पण आज सांगेल की मिथेन तोंडातून येतो.

काशीदला एकदा टपरीवर चहा पीत होतो. एक टुरिस्ट, भली मोठी गाडी, एसी लागावा म्हणून इंजिन चालू ठेवून बाहेर उभा. माझ्या टी-शर्टवरचं प्रकल्पाचं नाव वाचलं आणि सुरू झाला, की खरं तर लोकांनी गुरं पाळणंच बंद करायला हवं, केवढं प्रदूषण वगैरे. काकांनी शांतपणे चहा संपवला. "दादा, तुझी गाडी किती येळ चालू हाय?" "दहा मिनिटं झाली असतील." "तू बाहेर, ती चालू. माझी म्हैस बघ, ती उभी ऱ्हायली तरी दूध बनवते." त्याने इंजिन बंद केलं.

आता सुगंधाकाकी. सुगंधाकाकी म्हणजे गावातली दोन म्हशींवाली बाई. नवरा बोटीवर, वर्षातले निम्मे दिवस समुद्रात. प्रकल्पाने बेचाळीस घरांना गोबरगॅस दिला, त्यातलं पहिलं घर तिचं. जाड काळ्या प्लास्टिकचा मोठा फुगा, एका बाजूने शेणपाणी घालायचं, वरून गॅस शेगडीला, दुसरीकडून पातळ शेणखत बाहेर. मुंबईहून साहेब आले, नारळ फोडला, फोटो काढले, गेले. पावसाळ्यात फुगा मस्त चालला. दिवाळी झाली आणि शेगडी मंदावली. मग विझलीच.

साहेबांचा फोन. "बायका आळशीपणा करतायत. शेण घालत नाहीत. समजवा."

आळशी! पहाटे उठून दोन म्हशींचं करून मग काशीदच्या लॉजवर चादरी धुवायला जाणारी बाई आळशी!

काकांनी फोन माझ्या हातातून घेतला. "अरे, तुला राब म्हाईत हाय काय?" साहेबांना माहीत नव्हतं. आणि हाच सगळा घोळ आहे. आमच्याकडे भाताचं रोप ज्या वाफ्यात टाकतात तो वाफा आधी भाजतात. सुकं शेण, पालापाचोळा, फांद्या, वर मातीचा थर, आणि उन्हाळ्यात पेटवायचं. त्याला राब म्हणतात. तण मरतं, रोप जोमाने येतं. दिवाळीपासून शेण साठवायचं ते राबासाठी, हे इथल्या लहान पोराला पण कळतं. फुगा वाटणाऱ्यांना कळलं नव्हतं. आणि मी? मी रेवदंड्याची, आमच्याकडे शेती नाही, मला पण माहीत नव्हतं. पण मी निदान साहेब नव्हते.

काका सुगंधाकाकीकडे गेले. "फुग्यातून निघतं ते पातळ खत वाफ्यात घाल. भाजायचं नको. धूर न्हाय, शेण दोनदा कामाला येतंय."

ती म्हणाली, "राबाशिवाय रोप येत न्हाय, डॉक्टर. माझ्या सासूनं भाजला, तिच्या सासूनं भाजला."

"डॉक्टर न्हाय मी! बरं, अर्धा वाफा तुझा, अर्धा माझा. तुझ्यात भाज. माझ्यात खत घालू. वाईट झालं तर गावासमोर मी कान धरीन."

तसं केलं. आणि माहितीये काय झालं? रोप आलं, चांगलं आलं. पण त्याच्याबरोबर तण पण आलं, भरमसाट! सुगंधाकाकी कमरेवर हात ठेवून बघत उभी. काकांनी पँट गुडघ्यापर्यंत वर केली, डोक्यावर प्लास्टिकची खोळ घेतली आणि बसले तण उपटायला. चार दिवस. पावसात. माझ्या मोटरसायकलवरून उतरायचे ते थेट वाफ्यात. चौथ्या दिवशी सुगंधाकाकीच म्हणाली, "उठा आता, बाबा. माझे मी काढीन. रोप बरं हाय तुमचं."

ओटीवर चहा पिताना काका मला म्हणाले, "लिही. रोप बरं. तण तिप्पट. मजुरी चार दिवस."

मी म्हटलं, "काका, तणाचं कशाला लिहायचं? रोप चांगलं आलं ना, एवढंच टाकते."

त्यांनी कप खाली ठेवला. "पोरी, तुझं बोट लय पळतं. तण लिवलं न्हाय तर दुसरी बाई माझ्या शब्दावर भाजणं सोडंल आणि पावसात एकटी बसंल उपटत. मी काय सगळीकडं येणार हाय?"

मी लिहिलं. अॅपमध्ये तणाला रकाना नव्हता. 'इतर'मध्ये टाकलं.

त्या हिवाळ्यात त्यांना नवीन वेड लागलं. साबणाच्या पाण्याची बाटली घेऊन फुग्याफुग्यावर फिरायचे, पाइपांच्या सांध्यांवर फेस लावायचे आणि खाली वाकून बघत बसायचे. फेसाचे बुडबुडे आले की गॅस गळतोय. उंदरांनी पाइप कुरतडलेले, वॉशर वाळलेले. शेगडी पेटत नाही म्हणून बाई चुलीकडे वळलेली आणि फुगा आपला हळूहळू हवेत गॅस सोडतोय. "बघ," मला म्हणाले, "आधी म्हैसच ढेकर द्यायची. आता आपण तिला जोडीदार आणून दिला." त्यांनी वॉशरची यादी मुंबईला पाठवली. तीनदा. वॉशर! एवढे एवढे रबराचे! एकही आला नाही. त्याऐवजी आम्हाला टोप्या आल्या.

आणि मग मार्च. साहेब स्वतः आमच्या माडीवरच्या ऑफिसात आले, हातात छापलेल्या कागदांचा गठ्ठा. प्रत्येक घराचा एक, बेचाळीस. प्रकल्पापूर्वी किती मिथेन होता, आता किती, म्हणजे घट किती. ती घट तपासणारी संस्था मंजूर करणार आणि मग ती परदेशातल्या कुठल्यातरी कंपनीला विकायची, म्हणजे ती कंपनी तिचा धूर सोडायला मोकळी. हे मला नंतर कळलं. तेव्हा एवढंच कळलं की काकांचा नवीन करार साहेबांच्या बॅगेत आहे आणि तो अजून बाहेर आलेला नाही.

"डॉक्टर, इथं फक्त सह्या."

"डॉक्टर न्हाय मी. काय लिवलंय ते वाच पोरी."

मी वाचलं. "प्रकल्पापूर्वी शेण पाण्याच्या खड्ड्यात साठवले जात होते."

"कोणाचं?"

"सगळ्यांचं." आणि तेव्हा मला आठवलं. अॅपमध्ये प्रश्न होता, 'पूर्वी शेण कुठं साठवत होता?' आणि उत्तराच्या जागी 'पाण्याचा खड्डा' आधीच निवडलेलं यायचं. मी ते कधी बदललंच नव्हतं. विचारलंच नव्हतं कोणाला. पुढे, पुढे, पुढे. बोट लय पळतं ना माझं.

"खड्डा कोणाकडं हाय इथं?" काका म्हणाले. "शेण उकिरड्यावर सुकतं. राबाला सुकंच लागतं."

साहेब हसले. चांगलं गोड हसले. "पाण्यात साठवलेल्या शेणातून जास्त मिथेन निघतो. सुक्यातून फारच कमी. खड्डा धरला की घट मोठी दिसते. सगळे असंच धरतात. शेवटी काम चांगलंच करतोय ना आपण?"

"जो वायू निघालाच न्हाय, तो तू कमी केलास. आणि फुग्यातून गळतोय तो तुला दिसत न्हाय."

"काका, भावनेच्या भरात नको. मंजुरी नाही मिळाली तर पुढचं वर्ष नाही. तुमचं पण नाही. आणि या बायकांना पण काही मिळणार नाही, त्याचा विचार करा."

हे वाक्य मला अजून टोचतं. बायकांना काही मिळणार नाही! तीनदा मागून एक वॉशर मिळाला नव्हता!

काकांनी खिशातलं पेन काढलं. मला वाटलं, करतायत सही. त्यांनी पहिल्या कागदावर आडवं लिहिलं, 'शेण सुकं होतं', खाली सही, तारीख. मग दुसऱ्यावर. मग तिसऱ्यावर. साहेब म्हणाले, "अहो, काय करताय?" हे लिहितायत. अक्षर सुबक, सरकारी. साहेबांनी गठ्ठा ओढायला हात घातला तर डाव्या हाताने गठ्ठा दाबून धरला, उजव्याने लिहितायत. बेचाळीसच्या बेचाळीस. खालच्या दुकानातला नारळवाला जिन्यातून डोकावून बघून गेला. शेवटचा झाल्यावर पेनाला टोपण लावलं आणि मला म्हणाले, "चल, आजची दोन घरं ऱ्हायलीत."

करार बॅगेतून बाहेर आलाच नाही. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात ते पिशवी घेऊन तळ्याच्या एसटीत बसले. मी सोडायला गेले होते.

आणि आता जे सांगायचंय ते सांगते, नाहीतर हे सगळं लिहून उपयोग नाही. कागद पुन्हा छापून आले. स्वच्छ. सहीच्या जागी 'क्षेत्र पर्यवेक्षक (प्रभारी)'. प्रभारी म्हणजे मी. मी केल्या. बेचाळीस सह्या, पाच मिनिटांत. घरी सांगितलं प्रमोशन झालं. सहा महिन्यांनी नोकरी सोडली, पण ते काय, केल्यावर सोडून काय होतं?

आज सुगंधाकाकीकडे बसले होते. फुगा गोठ्यामागे गुंडाळून पडलाय. त्याच्यावर कोंबड्या बसतात. मी तिला सगळं सांगितलं. वाटलं, रडेल, नाहीतर शिव्या तरी देईल. ती म्हशीचं अंग घासत होती, थांबली नाही.

"माझं शेण पाण्यात व्हतं असं तू लिवलंस?"

"हो काकी."

"मला विचारायचं की गो बाय. दहा येळा चहा प्यायलीस माझ्याकडं. एकदा विचारायचं. मी काय खोटं सांगितलं असतं?"

बस्. एवढंच बोलली. मी उठून फाट्यापर्यंत चालत आले, तो बोर्ड बघितला, आणि तिथूनच काकांना फोन लावला. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा. सगळं सांगितलं, सह्यांचं पण. पलीकडे, त्यांच्या मागे, कोणाची तरी शेळी ओरडत होती.

मग म्हणाले, "सही तुझी हाय न्हवं? मंग खोडायचा हक पण तुझाच. माझा असता तर मी कधीच खोडली असती. ठेव आता, मला काम हाय."

मी तपासणी करणाऱ्या संस्थेचा पत्ता शोधला, तो वेबसाइटवर असतो, कोणी बघत नाही एवढंच. आत्ता, इथं, स्टँडवर बसून ईमेल लिहिला. बेचाळीस घरांची यादी टाकली. प्रत्येकासमोर 'शेण सुकं होतं' असं लिहिणार होते, मग थांबले. सुगंधाकाकीचं मला माहितीये. बाकीच्यांचं मी आजही स्वतः विचारलेलं नाही. म्हणून तिच्या नावापुढे लिहिलं, 'सुकं'. उरलेल्या एक्केचाळीस नावांपुढे एकच वाक्य लिहिलं: मी विचारलं नव्हतं. खाली पूर्ण नाव आणि सही मागे घेतेय असं. पाठवला. तीन मिनिटं झाली.

पुढे काय होईल, माहीत नाही. कदाचित कोणी उघडणार पण नाही. कदाचित मलाच नोटीस येईल, सही माझीच ना.

गाडी लागली, उठते. पण तुम्ही सांगा. तुमच्यापुढे पण कोणीतरी असा आधीच भरलेला कागद सरकवलाय का कधी, 'इथं फक्त सही' म्हणत? ज्यांच्याबद्दल तो कागद होता त्यांना तुम्ही विचारलं होतं का? की माझ्यासारखंच झालं तुमचं पण?